आधी हब फिरवा, मग पान्हा उचला

जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीच्या पोटातून घरघर येऊ लागली, किंवा चिखलात पुढची चाकं ढिम्म राहिली, की संशय पहिल्यांदा जातो पुढच्या-मागच्या शाफ्टना जोर वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसवर. खर्चही तिथेच सर्वांत मोठा. केस उतरवली जाते, बेअरिंग आणि सील बदलली जातात, आणि गाडी घरी येते ती पुष्कळदा तोच आवाज घेऊन. महिंद्राच्या जुन्या जीप असोत की 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी, ज्या गाडीच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब आहेत, तिच्या मालकाकडे रोग शोधण्याचं उत्तम साधन आधीच असतं. एकही नट सैल करण्याआधी ते वापरायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

हब करतो काय, ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या जीप सामान्य लोकांच्या हाती आल्या. त्यांची पुढची चाकं अॅक्सलशी कायमची जोडलेली होती. त्यामुळे गाडी टू व्हीलमध्ये चालवली तरी पुढचा अॅक्सल, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट उगाचच फिरत राहायचे. पेट्रोल जायचं, झीज व्हायची. 1948 मध्ये आर्थर वॉर्न यांनी अशा जीपसाठी चाक अॅक्सलपासून सोडवणारे हब बनवायला सुरुवात केली. हबवरची चकती ‘फ्री’कडे फिरवली की चाक एकटं फिरतं आणि आतला सगळा सांगाडा जवळजवळ स्तब्ध राहतो, ‘लॉक’कडे फिरवली की आतली दातेरी कडी सरकून दोघांना जोडते. म्हणजे पुढची सगळी यंत्रणा हवी तेव्हा जोडता किंवा तोडता येते. हबाचा तपासणीसाठी होणारा उपयोग याच सोयीतून निघतो.

हब आणि ट्रान्स्फरचा लिव्हर मिळून गाडीच्या चार अवस्था होतात, आणि एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने त्या ताडून पाहिल्या तर आवाजाच्या मुळाचा शोध बराच आवाक्यात येतो. हब फ्री आणि लिव्हर टू व्हीलमध्ये असतानाही आवाज येत असेल तर पुढच्या शाफ्टवरचा संशय मिटला. मागचा शाफ्ट, चाकांची बेअरिंग, टायर यांच्याकडे वळावं. लिव्हर तसाच ठेवून फक्त हब लॉक केले की पुढचा अॅक्सल आणि शाफ्ट चाकांच्या ओढीने, भाराशिवाय फिरू लागतात. आवाज इथे सुरू झाला तर पुढचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे), अॅक्सलचे जॉइंट किंवा डिफरन्शियलची बेअरिंग तपासावीत. तिसरी अवस्था फारसं कोणी वापरत नाही, ती म्हणजे हब फ्री आणि लिव्हर फोर-हायमध्ये. यात पुढचा शाफ्ट ट्रान्स्फर केसमधून फिरतो पण चाकांना जोर मिळत नाही, म्हणून डांबरी रस्त्यावरही ही चाचणी घेता येते. दुसऱ्या अवस्थेत शांत असलेली गाडी इथे ओरडू लागली तरच ट्रान्स्फर केसकडे बोट दाखवायला आधार मिळतो. चौथी, हब लॉक आणि फोर-हाय, फक्त मातीच्या किंवा वाळूच्या सैल जमिनीवर घ्यावी. भाराखालीच बोलणारा दोष तिथे कळतो.

जिप्सीत आणखी एक जागा आहे. तिची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, रबरी माउंटवर टांगलेली असते आणि दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट असतो. चारही अवस्थांत तो फिरतोच. फाटलेल्या रबराची थरथर म्हणूनच केसच्या आतला बिघाड वाटू शकते.

पुढची चाकं अजिबात ओढत नसतील तर गोष्ट अधिक फसवी असते. साधं डिफरन्शियल जोर कमी विरोधाच्या बाजूला सोडतं. दोनपैकी एकच हब लॉक झाला नाही, तर त्या बाजूचा अॅक्सल चाकाच्या आत मोकळा गरगरतो आणि दुसऱ्या, धडधाकट बाजूलाही जोर पोहोचत नाही. एका हबातल्या अडकलेल्या कडीमुळे सगळं पुढचं ड्राइव्ह मेल्यासारखं दिसतं. याची खात्री करायला इंजिन बंद ठेवून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्यावी, गिअर पहिला, लिव्हर फोर-हाय आणि दोन्ही हब लॉक करावेत. आता एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलट दिशेने फिरलं पाहिजे. दुसरं जागचं हललं नाही, तर आधी दोन्ही हब उघडावेत. आत बहुतेकदा कोंबून भरलेलं जाड ग्रीस सापडतं, आणि त्यात कडी सरकत नाही. हबाला हलका हात पुरतो. बेअरिंगला लागतं तेवढं ग्रीस इथे नको. ओढ्यातून गेलेल्या गाडीत हेच ग्रीस दुधाळ झालेलं दिसतं, आणि कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत फिरणाऱ्या गाडीत खारं पाणी स्प्रिंग गंजवतं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे: जुन्या गाडीत सगळंच झिजलेलं असतं, मग एक-एक तपासत बसण्यापेक्षा सगळं एकदाच का बदलू नये? कारण जोडणी करतानाही दोष शिरतात. प्रोपेलर शाफ्टचंच पाहा. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पलीकडच्या टोकाचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती चढउतार भरून काढतो. हे साधायचं तर शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत बसली पाहिजेत. खोलताना खूण केली नाही आणि सरकती बाजू एखादा दाता चुकून बसली, तर नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरत राहते. क्रॉस खराब झालाय का हे शाफ्ट न काढताही कळतं: कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत, आणि शाफ्ट हाताने पिळताना क्रॉसपाशी टक् वाजलं तर तो बदलायलाच हवा.

हब काढून टाकून कायमची फ्लँज बसवा, असाही सल्ला मिळतो. रोज चिखलात असणाऱ्या गाडीला तो योग्य असेलही, पण मग पुढचा क्रॉस तुटला तर हब फ्री करून घरी येण्याची वाट बंद होते, आणि वर सांगितलेली अर्धी तपासणीही हातची जाते. स्वयंचलित हबांत ही सोय मुळातच अपुरी आहे, हे मान्य करायला हवं.

फोर व्हीलमध्ये अडकलेला लिव्हर हाही पुष्कळदा आजार नसतो. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसतं. डांबरी रस्त्यावर वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, आणि सुटायला जागा नसल्याने शाफ्टमध्ये पीळ साठतो. थोडं मागे घेतलं की तो सुटतो, लिव्हर निघतो. सरळ रस्त्यावरही पीळ भरत असेल तर टायर मोजावेत: 330 मिलिमीटर त्रिज्येच्या चाकात 3 मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे एक टक्का, म्हणजे दर शंभर मीटरला जवळजवळ एक मीटर.