पेपर मिल आणि १,८०९ हेक्टर

इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामाईक कुरणे आणि राने कायद्याने कुंपणबंद झाली, त्यांवर जगणारी माणसे मजुरीसाठी गिरण्यांकडे वळली आणि १८११ पासून नॉटिंगहॅमच्या मोजे विणणाऱ्या कारागिरांनी, म्हणजे लुडाइटांनी, यंत्रे फोडायला सुरुवात केली, तेव्हा संसदेने १८१२ मध्ये यंत्रमोडीला फाशीची शिक्षा ठरवली. चंद्रपूर-गडचिरोलीत यंत्र कोणी फोडले नाही. इथला झगडा यंत्राच्या तोंडी जाणाऱ्या बांबूवरून झाला.

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची बल्लारपूरची पेपर मिल दिसण्याआधी वासाने कळते. बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, दाबाखाली शिजवले की लगदा मोकळा होतो आणि गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा दर्प सुटतो. पुढचे धुणे, विरंजन, वाळवणे हे यंत्रांचे नेहमीचे काम. तोडीचे तसे नाही. जंगलात तोडणारा मजूर आधी रांजी, म्हणजे बांबूचे बेट, निरखतो, त्या वर्षीचे कोवळे कोंब सोडतो आणि जून बांबू जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या लगेच वर कोयत्याने छाटतो, जेणेकरून खुंटात पाणी साचून मुळे कुजू नयेत. ही समज गिरणीच्या हिशेबात कुठल्याच रकान्यात येत नाही.

टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरडांना हाच बांबू मोजून मिळे, मिलला मात्र ट्रक भरभरून. १९२७ च्या वनकायद्याने बांबूला झाड मानले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून इतर वनउत्पन्नात, घातले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, पण विकलेला बांबू जंगलाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागे आणि तो वनखात्याच्या हाती होता. मालकी गावाची नि किल्ली खात्याची, असा हा कारभार! कागदाचा कच्चा माल अखेर एका कागदावाचून अडला होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून १,८०९ हेक्टर हा आकडा वनहक्कांच्या प्रत्येक चर्चेत निघतो, आणि ते योग्यच आहे. त्यातला बांबू कधी तोडायचा आणि कोणाला विकायचा हे आता ग्रामसभा ठरवते. २०१७ मध्ये झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, तो मुख्यतः शेतात बांबू लावणाऱ्यांसाठी. जंगलातला बांबू वनकायद्याच्या कक्षेतच राहिला.