आमसुलातले आम्ल आणि चरबीची गोळी

वणीकडे आपल्या वरणाला आंबटपणा येतो तो चिंचेचा, भाजीला अंबाडीचा. आमसूल दुकानातून पुडीत येते, तेही बहुधा अंगावर पित्त उठले म्हणजे. कोकमाचे झाड कोकणातले. आपल्या काळ्या रानात ते कुठून दिसणार! पण त्याच आंबटपणाची गोळी आता डबीत बसून घरपोच येते. 'चरबी वितळवा' असे वर छापलेले, आणि किंमत अशी की तेवढ्यात घरची महिन्याची तूरडाळ यावी.

गोळीत असते काय? कोकमाच्या आणि त्याच्या केरळातल्या भावंडाच्या, कुडमपुळीच्या, सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते. कुडमपुळीतले हे आम्ल म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली ओळखले. जास्तीच्या पिठासाखरेची चरबी करायला शरीराला एक विकर लागते. हे आम्ल त्याला अडवते. उंदरांना दिले तेव्हा त्यांची भूक मंदावली, चरबीही कमी साठली. झाले! एवढ्यावर व्यापार उभा राहिला.

माणसाचे पोट मात्र उंदराचे नव्हे. १९९८ साली अमेरिकेत १३५ लठ्ठ माणसांवर बारा आठवडे केलेली परीक्षा प्रसिद्ध झाली. काहींना रोज दीड ग्रॅम हे आम्ल, बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. जेवण सर्वांचेच बेताचे. आम्लवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, पोकळ गोळीवाल्यांचे ४.१ किलो. म्हणजे उतरवले ते बेताच्या जेवणाने.

पैसे जातात हे एक वेळ सोसेल. पण अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, क्वचित यकृत बदलण्याची वेळ आली. तेव्हा भगिनींनो, पोटुशी असाल, अंगावर पाजत असाल, मधुमेहाची औषधे चालू असतील, तर हिच्या वाटेला जाऊ नका. घरात कुणी घेत असेल आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर गोळी त्याच दिवशी बंद करा. दवाखान्यात जाताना डबी बरोबर न्या. 'झाडपाल्याचेच आहे' म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका.

डबीवर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक पाहा. 'औषधी वापरासाठी नाही' असे इंग्रजीत बारीक अक्षरांत असते, ते शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. आमसुलाचे सार खुशाल करा. जिरे-मिरचीची फोडणी दिली की भातावर छान लागते.