सीमेवरची गावं (भाग ६) : खाडीच्या दोन काठांवर

मागच्या आठवड्यात आपण बोस्नियातल्या विशेग्राड गावात होतो. द्रिना नदीवरचा तिथला दगडी पूल सोळाव्या शतकात मेहमेद पाशा सोकोलोविच या ऑटोमन वजिराने बांधवला. हा वजीर त्याच मुलखातल्या सर्ब ख्रिस्ती घरातला, लहानपणीच सुलतानाच्या चाकरीसाठी नेलेला मुलगा. चारशे वर्षं त्या पुलावरून मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू बाजाराला जात राहिले, आणि १९९२ मध्ये त्याच पुलावर बोस्नियाक मुसलमानांना मारून नदीत टाकलं गेलं. तो भाग लिहून झाल्यावर आपल्याकडे असं गाव कुठलं, हा विचार डोक्यातून जाईना. सीमा म्हटली की बेळगाव, निपाणी, कारवार ही नावं आपल्या तोंडी येतात. ठाण्याचं नाव कुणी घेत नाही. पण कळव्याहून ठाण्याला येताना लोकल ज्या खाडीवरून धडधडत जाते, ती खाडी दोनशे वर्षं दोन राज्यांची हद्द होती.

आधी भूगोल पाहू. उल्हास नदी कल्याणला पोचली की तिची खाडी होते. ठाण्याजवळ पाण्याचे दोन फाटे होतात. एक वसईकडे जाऊन समुद्राला मिळतो, दुसरा ठाण्यावरून मुंबईच्या बंदराकडे उतरतो. या दोन फाट्यांच्या मधे साष्टी बेट, आणि बेटाच्या पूर्व कडेवर ठाणं. म्हणजे कल्याणहून निघालेलं कुठलंही गलबत समुद्रात जायचं तर त्याला ठाण्यावरून तरी जावं लागे, नाहीतर घोडबंदर आणि वसईवरून. कल्याणच्या मागे सह्याद्रीचं सागवान होतं आणि घाटावर जाणाऱ्या वाटा होत्या. बाहेर पडण्याची दोन्ही दारं मात्र पलीकडच्यांच्या हातात. पुढचं बरंचसं राजकारण या एका अडचणीतून उभं राहिलं.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून १७३७ पर्यंत ठाण्यावर एकच निशाण होतं. कल्याणच्या बाजूला तेवढ्याच काळात अहमदनगरची निजामशाही आली, १६३६ नंतर विजापूरची आदिलशाही आली, १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, मग मोगल, मग पुन्हा मराठे. मोगली कागदांत कल्याणचं नाव इस्लामाबाद असं येतं.

इथल्या धर्मांची आणि माणसांची सरमिसळ पोर्तुगीजांनी आणली असं मात्र कुणी समजू नये. ती त्यांच्या फार आधीची. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं श्रीस्थानक ते हेच. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचं बंदर आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, आणि सहाव्या शतकातला ग्रीक व्यापारी कॉसमस सांगतो की कल्याणला इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असे.

पण माझं मन सगळ्यात जास्त रेंगाळतं ते १३२१ मधल्या एका प्रसंगापाशी. कोल्लमकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू वाऱ्यामुळे ठाण्याच्या किनाऱ्याला लागले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे तिघे इटलीतले. चौथा देमेत्रियुस हा कॉकेशसमधल्या तिफ्लिसचा. ठाण्यात त्या वेळी नेस्तोरियन म्हणजे पूर्वेकडच्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. त्यांतल्या एका घरी साधू उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं, आणि बाई दाद मागायला गेली ती काझीकडे. साक्षीदार म्हणून साधूंचं नाव निघालं, काझीपुढे बोलणं धर्मावर गेलं, प्रेषितांविषयी तुमचं मत काय असं त्यांना विचारण्यात आलं, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरापायी चौघेही मारले गेले. काही वर्षांनी आलेल्या ओडोरिक या साधूने ही हकिकत लिहून ठेवली आणि त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या.

युरोपात ही गोष्ट चार हुतात्म्यांची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला तिच्यातली ती मार खाल्लेली बाई महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती घरातली बाई घरच्या तंट्यासाठी मुसलमान काझीकडे जाते, आणि यात तिला किंवा गावाला वावगं वाटल्याची नोंद नाही. दिल्लीच्या सुलतानाचा अंमल, इराणी परंपरेचे ख्रिस्ती, आणि भोवती बहुसंख्य हिंदू. हे सगळे कुठल्या करारामुळे एकत्र राहत नव्हते. रोजच्या गरजांनी ते एकमेकांशी बांधलेले होते. ‘तू नक्की कुणाचा?’ हा प्रश्न अधिकाराच्या खुर्चीवरून विचारला गेला तेव्हा रक्त सांडलं. विशेग्राडलाही तोच प्रश्न विचारला गेला होता.

पोर्तुगीज अमलात हा प्रश्न कायद्यातच आला. गोव्याच्या इन्क्विझिशनचा हात वसई प्रांतापर्यंत पोचत होता. साष्टीतली देवळं पडली, चर्च उभी राहिली. कोळी, कुणबी, भंडारी अशा जातींतले अनेक लोक ख्रिस्ती झाले. कुणी विश्वासाने, कुणी नोकरी-जमिनीसाठी, कुणी धाकाने. ठाण्यातलं तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च त्याच काळाची खूण. ही माणसं ख्रिस्ती झाली, पण घरात बोलत राहिली ती मराठीच्या बोली. आज आपण ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतो तो समाज हाच. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये स्वतः घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकऱ्यांसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे इंग्रज सरकारला कळावं यासाठी.

आता पलीकडच्या काठावर जाऊ. कल्याण-भिवंडी हाती येताच महाराजांनी खाडीवर जहाजं बांधायला घेतली. लाकूड होतं, कोळी आणि भंडारी खलाशी होते, दर्यावर्दी कोकणी मुसलमान होते. लढाऊ जहाजं बांधण्याची युरोपीय विद्या ठाऊक असलेले कारागीर मात्र खाडीपलीकडे, पोर्तुगीज मुलखात. महाराजांनी तेही मिळवले. रुई लैताँव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज या कामावर मुख्य होता, आणि त्याच्या हाताखाली बायकामुलांसह तीनशेहून अधिक माणसं होती. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध म्हणून हे आरमार उभं राहत होतं. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना धोका कळला. आज सिद्दीवर जाणारी जहाजं उद्या आपल्यावरही येतील, हे त्यांनी ओळखलं आणि व्हिएगसला निरोप धाडून फितवलं. १६५९ मध्ये तो आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला. आरमार तरीही उभं राहिलं, कारण तोवर इथल्या हातांत ती विद्या उतरली होती. सीमेवरच्या गावाची ताकद आणि धास्ती दोन्ही या एका प्रसंगात दिसतात. कसबी माणूस पलीकडून येऊ शकतो, आणि एका निरोपावर परतही जाऊ शकतो.

सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी निरोप उलट्या दिशेने जाऊ लागले. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ साष्टीतल्या हिंदूंची गाऱ्हाणी घेऊन पेशव्यांकडे खेटे घालत होते. वाटा कुठल्या, ओहोटी कधी, पहाऱ्यावर माणसं किती, ही माहिती त्यांनी गोळा केली. पोर्तुगीजांनी ठाण्यात नवा किल्ला बांधायला काढला होता. तो अर्धवट असतानाच मार्च १७३७ मध्ये मराठी फौज खाडी ओलांडून आत आली. पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीजांना सामानसुमानासह निघून जाण्याची मुभा मिळाली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळता येईल अशी अट तहात घातली गेली. या मोहिमेचं वर्णन आपण लढाईच्या अंगाने नेहमी वाचतो. या अटीकडे फारसं लक्ष जात नाही. दोनशे वर्षांच्या जाचाची आठवण ताजी असताना ती मान्य झाली, हे मला चिमाजी अप्पांच्या विजयाइतकंच मोठं वाटतं. आज साष्टी-वसईत जुनी ख्रिस्ती गावं आहेत, त्यामागे हा तह आहे.

खाडीच्या दोन्ही काठांवर आता एकच राज्य होतं. कल्याणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० च्या सुमारास ठाण्यात मासुंदा तलावाकाठी कौपिनेश्वराचं देऊळ नव्याने बांधलं. हा एकोपा जेमतेम साडेतीन दशकं टिकला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. कल्याण त्या युद्धात इंग्रजांनी जिंकलं होतं, ते तहाने पेशव्यांना परत मिळालं. पुन्हा खाडी म्हणजे सीमा! १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा ही हद्द मिटली. त्याआधी दोनच वर्षं, सप्टेंबर १८१६ मध्ये, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातल्या इंग्रजी कैदेतून निसटले होते. किल्ल्याचा पुढे तुरुंग झाला, आजही आहे. नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी झाली.

इंग्रजांबरोबर पारशी आले. टेंभीनाक्याजवळची कावसजी पटेलांची अग्यारी १७८० ची. बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यूही आले, आणि त्यांच्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ते शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडलेली: दिवेकर, पेणकर, केहिमकर, रोहेकर. पलटणीत, सरकारी बांधकाम खात्यात आणि रेल्वेत नोकऱ्या मिळू लागल्या तशी ही कुटुंबं मुंबई-ठाण्याला येत गेली. १८७९ मध्ये त्यांनी ठाण्यात ‘शार हशामायिम’ हे सिनेगॉग बांधलं. मंगलकार्यात आणि नवस फेडताना ते मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरं, फळं ताटात मांडून एलिया प्रेषिताचं नाव घेतात. प्रार्थना हिब्रू, बाकी सगळं बोलणं मराठी. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, आणि तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. ठाण्यातलं सिनेगॉग मात्र आजही भरतं. कुणाच्या छळामुळे त्यांना भारत सोडावा लागला नाही, हे जगातल्या फार थोड्या ज्यू समाजांना म्हणता येतं.

हे सगळं ओळीने मांडलं की एक गोष्ट ठळक होते. दर वेळी राज्यकर्ते बदलले आणि त्यांनी आणलेली किंवा घडवलेली माणसं मागे राहिली. ती राहू शकली, कारण पुढच्या राज्याला त्यांच्या हातांची गरज होती. विशेग्राडच्या नव्या सत्तेला सुतार, गवंडी, शिक्षक नको होते. तिला फक्त एका धर्माची माणसं हवी होती.

कल्याणजवळच्या मलंगगडावर ही गरज श्रद्धेच्या पातळीवर पोचलेली दिसते. हाजी मलंगच्या दर्ग्याची वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमधली हकिकत अशी: इंग्रज कल्याणमधून गेले म्हणून पेशव्यांतर्फे काशिनाथपंत केतकर पिराला चादर घेऊन गेले आणि त्यांनी दर्ग्याची व्यवस्था लावली. १८१७ मध्ये ब्राह्मणाच्या वहिवाटीला हरकत निघाली, तेव्हा पिरापुढेच चिठ्ठ्या टाकल्या, आणि तिन्ही वेळा कौल केतकरांच्या बाजूने पडला. आज गडावर हक्क कुणाचा यावरून मोर्चे निघतात, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर देवी आणि ईदगाह यांचा तंटा न्यायालयात जातो. तंटा १८१७ मध्येही होता. पण चिठ्ठीचा निकाल दोन्ही बाजूंनी मानला, आणि गडावर जाणं कुणी सोडलं नाही. ती शहाणीव आपण का गमावावी, हे मला खरंच समजत नाही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंतच आली होती. मे १८५४ मध्ये रूळ खाडीवरून कल्याणला पोचले, आणि पाण्याने वेगळे केलेले काठ घड्याळाच्या वेळेवर जोडले गेले. त्या रुळांनीच शेवटची मोठी भर आणली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकी १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दिल्या गेल्या. जवळपास लाखभर माणसं तिथे आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव दिलं. दूर कुठेतरी ओढलेल्या नव्या सीमेने ही माणसं उठवली होती. त्यांनी बराकींत पापड, कापड आणि फर्निचरचे धंदे थाटले, आणि झुलेलालाचा उत्सव उल्हासच्या काठी सुरू केला.

या लेखात भिवंडीला मी फक्त वाटेत स्पर्श केला. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, यंत्रमाग, ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत पेटलेली दंगल आणि तिच्यावरचा न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल हे सारं पुढच्या आठवड्यात.