चावीचा रेडिओ

वीज गेली की मी माझा चावीचा रेडिओ काढतो. हँडल गरागरा फिरवायचं, काटा ७९२ किलोहर्ट्झवर आणायचा. आकाशवाणी पुणे हजर! सेलची कटकटच नाही.

ट्रेव्हर बेलिस या ब्रिटिश संशोधकाला ही कल्पना १९९१मध्ये आफ्रिकेतल्या एड्सवरचा टीव्ही कार्यक्रम पाहताना सुचली. पुढे हँडल आणि सौरऊर्जेवर चालणारे 'लाइफलाइन' रेडिओ देणगीतून रवांडातल्या अनाथ मुलांकडे पोचले. धाकट्या भावंडांना सांभाळणारी पोरं ती. सेलला पैसे कुठून आणणार?

गावोगावी रेडिओ ऐकवायचा प्रयोग पुण्यानेही केलाय बरं का! १९५६मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने सुमारे १५० गावांत शेतकरी श्रोतामंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा सगळे जमायचे, अर्धा तास ऐकायचे, मग चर्चा.