एक मिलिमीटर, एक अंश

पूलच्या टेबलावर एक हिशोब इतका नेमका जुळतो की कुणीतरी मुद्दाम जुळवून ठेवला असावा असं वाटतं. बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर. क्यू बॉल, म्हणजे पांढरा बॉल, रंगीत बॉलवर जिथे बसायला हवा त्यापासून १ मिलिमीटर बाजूला बसला, तर रंगीत बॉलची दिशा १ अंशाने चुकते. सरळ समोरच्या फटक्यात जवळजवळ तंतोतंत १ अंश. शाळेतल्या त्रिकोणमितीनं काढून बघा, १ अंशासाठी उत्तर ०.९९७ मिलिमीटर येतं.

आता रंगीत बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटपासून १ मीटरवर आहे आणि पांढरा बॉल त्याच्या मागे, त्याच रेषेत, आणखी १ मीटरवर, असं धरू. पॉकेटचं तोंड साधारण ११४ मिलिमीटर असतं, दोन बॉल एकमेकांना खेटून जेमतेम मावतील एवढं. बॉल मधोमध शिरला तर दोन्ही अंगांना २८ मिलिमीटर जागा उरते. १ मीटर अंतरावर २८ मिलिमीटर म्हणजे १.६ अंश, आणि वरच्या हिशोबानं १.६ अंश म्हणजे धडकेच्या जागी १.६ मिलिमीटर. पांढऱ्या बॉलनं मीटरभर धावून एवढंच चुकायचं, तर क्यूच्या, म्हणजे काठीच्या, रेषेला मिळालेली सूट आहे ०.०९ अंश. अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. आणि चांगल्या खेळाडूच्या लेखी हा सोपा पॉट आहे.

गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गवतावर, उभं राहून हेच गणित मांडलं की गोंधळ उडतो. गोल्फचं होल १०८ मिलिमीटर व्यासाचं, १८९१ पासून सगळीकडे हेच माप. बॉल होलपासून ८ फुटांवर, म्हणजे २.४ मीटरवर आहे. हळू आलेला बॉल कडेला पोहोचला तरी आत पडतो, त्यामुळे मध्यापासून ५४ मिलिमीटरपर्यंत चूक चालते. कोनात सांगायचं तर सव्वा अंशाहून थोडी जास्त. पूलच्या त्या सोप्या पॉटपेक्षा चौदा पट ढिली सूट! तरीही अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे, जगातले सर्वोत्तम गोल्फपटू ८ फुटांवरचे पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे मारलेले हलके फटके, निम्मेच होलमध्ये घालतात. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या फटक्यांच्या प्रचंड नोंदी तपासून हे प्रमाण मांडलं. नाणेफेकीइतकीच खात्री, आणि तीही ज्यांनी आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही अशा माणसांची.

चौदा पट कडक सूट असलेला फटका पूलचा खेळाडू सहसा चुकवत नाही आणि चौदा पट ढिल्या सुटीचा फटका गोल्फपटू निम्म्या वेळा चुकवतो. या दोन खेळांत अवघड कोणता, हा वाद रंगला की मला आधी हे कोडं आठवतं. अवघडपणा एकाच पट्टीनं मोजता येत नाही, हे यातून लख्ख दिसतं.

उत्तराचा एक धागा शरीरात आहे. पूलचा खेळाडू वाकतो तेव्हा त्याची हनुवटी क्यूला टेकल्यासारखी असते, डोळे नेमके फटक्याच्या रेषेवर. पुढचा हात कापडावर पंजा रोवून बसलेला, क्यू त्याच्यावरून सरकणार. शरीरात हलतं काय, तर मागच्या हाताचा कोपरापासून खालचा भाग. गोल्फपटू मात्र रेषेच्या बाजूला उभा असतो. त्याला होल तिरकं दिसतं, पटर कशालाही टेकलेला नसतो आणि खांद्यांपासून सगळं हलतं.

दुसरा धागा जमिनीत आहे, आणि तोच मोठा. स्पर्धेच्या पूल टेबलाखाली इंचभर जाडीची पाटीच्या दगडाची फरशी असते, लेव्हल लावून बसवलेली. वर ताणलेलं लोकरीचं कापड. खेळायची जागा २५४ बाय १२७ सेंटिमीटर, दरवेळी तेवढीच. ग्रीन मात्र जिवंत गवताचं. त्याला उतार असतो, आणि किती वळेल हे बॉलच्या वेगावर ठरतं. जोरात मारला तर कमी वळेल, पण होलच्या तोंडाशी आलेल्या बॉलचा वेग सेकंदाला साधारण १.६ मीटरच्या वर असेल तर अगदी मधोमध येऊनही तो पलीकडे उडून जातो. हळू मारला तर होल मोठं होतं पण वळण वाढतं. म्हणजे रेष ठरवायची तर वेग आधी ठरवायला हवा, आणि वेग ठरवायचा तर गवत सकाळी कापलंय की आता दुपारी वाढलंय, कालच्या पावसाचा ओलावा राहिलाय का, हे ओळखायला हवं. सव्वा अंशाची सूट कागदावर असते. प्रत्यक्षात कोणत्या सव्वा अंशात मारायचं हेच माहीत नसतं.

एवढ्यावरून पूल सोपा ठरवणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिलेलीच नसते. बॉल पॉकेटमध्ये घालणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं काम म्हणजे पांढरा बॉल पुढच्या फटक्यासाठी हवा तिथे नेऊन उभा करणं, आणि खरं पूल तिथे सुरू होतं.

कॅरम खेळलेल्या प्रत्येकाला याची चव माहीत आहे. सोंगटी गेली, पण स्ट्रायकर पुढच्या फटक्यासाठी आपण परत उचलून हव्या त्या जागी रेषेवर ठेवतो. पूलमध्ये पांढरा बॉल तसा उचलता येत नाही. जिथे थांबला तिथूनच पुढचं मारायचं. नाइन बॉलच्या खेळात तर आकड्यांच्या क्रमानंच जावं लागतं, त्यामुळे १ नंबर पॉट करताना २ कुठून मारायचा आणि तिथून ३ कडे कसं जायचं, हे क्यू हलण्याआधी ठरलेलं असतं.

यात निसर्ग खेळाडूच्या बाजूनं उभा राहतो, आणि मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. दोन्ही बॉल एका वजनाचे. पांढरा बॉल न गडगडता, नुसता घसरत येऊन तिरका आदळला, तर धडकेनंतर दोघांच्या वाटांमध्ये जवळजवळ ९० अंशांचा कोन पडतो. पातळ लागो की जाड, काटकोन तो काटकोन. बॉल गडगडत आला तर हिशोब वेगळा: अर्ध्या बॉलच्या आसपास धडक बसली की पांढरा आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंश वळतो. हे दोन कोन खेळाडूच्या हाडात मुरलेले असतात. क्यूची टोच बॉलच्या मध्याखाली लागली तर बॉल उलटा फिरत जातो आणि धडकेनंतर मागे येतो, वर लागली तर पुढे धावतो, आणि बाजूला लागली तर कुशनवर आपटल्यावर त्याची वाट बदलते.

ही फिरकी क्यूच्या टोकाला चामडं लागल्यावरच खऱ्या अर्थानं हाताशी आली. ते चामडं लावण्याचं श्रेय फ्रेंच सैन्यातल्या फ्रान्स्वा मँगो या अधिकाऱ्याला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तुरुंगात होता आणि तिथल्या बिलियर्ड टेबलावर त्यानं हे प्रयोग केले, असं सांगतात. १८३५ मध्ये याच फिरकीचं आणि धडकांचं गणित एका फ्रेंच गणितज्ञानं अख्ख्या पुस्तकात मांडलं. त्याचं नाव गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस. भूगोलाच्या तासाला वारे उजवीकडे का वळतात हे शिकताना भेटलेला तोच कोरिओलिस!

पण निसर्ग देतो तसा काढूनही घेतो. बाजूची फिरकी दिली की पांढरा बॉल क्यूच्या रेषेत निघतच नाही, किंचित उलट्या अंगाला सरकून निघतो. शिवाय दोन बॉल एकमेकांना घासतात, त्या घर्षणानं रंगीत बॉल आपल्या वाटेवरून थोडा ओढला जातो. बॉल मळका असेल तर ओढ जास्त. हवा दमट असेल तर कापड जड होतं, कुशनची उसळी बदलते. मुंबईत जुलैमध्ये आणि जानेवारीत एकाच टेबलावर खेळलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ०.०९ अंशाच्या सुटीत हे सगळं बसवायचं असतं, आणि बसवता बसवता पुढच्या तीन बॉलचा विचार करायचा असतो.

गोल्फमध्ये एवढं बारीक विणकाम नाही, पण तिथलं दांडगेपण थक्क करणारं आहे. टूरवरच्या खेळाडूचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, ताशी १८० किलोमीटरच्या वेगानं खाली येतो आणि बॉलला फक्त अर्धा मिलिसेकंद शिवतो. त्या अर्ध्या मिलिसेकंदात क्लबचा चेहरा कुठे बघत होता, यावर अडीचशे मीटरवरचं भविष्य ठरतं. बॉल उलटा फिरत हवेत चढतो, ती उलटी फिरकीच त्याला उचलून धरते. एडिंबरोच्या पीटर गथ्री टेट या भौतिकशास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात हे उलगडलं. त्याचा मुलगा फ्रेडी ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा दोनदा जिंकलेला गोल्फपटू होता, म्हणजे प्रयोगशाळा घरातच होती. बॉलवरच्या खळग्यांनी हवेचा अडथळा इतका कमी होतो की गुळगुळीत बॉल त्याच फटक्यानं जेमतेम निम्मं अंतर जाईल. नवशिक्याच्या बाबतीत मला शंकाच नाही: पूलमध्ये पहिल्या संध्याकाळी दोन-चार बॉल पॉट होतात, गोल्फमध्ये पहिल्या संध्याकाळी बॉल जमिनीवरून उठला तरी नशीब.

खरा फरक मात्र समोर माणूस आला की पडतो. गोल्फमध्ये तुमच्या बॉलला दुसरं कुणी हात लावत नाही, तुमची पाळी कुणी हिरावून घेत नाही. बिघडवणारे तुम्ही एकटेच. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीला जाँ व्हान द वेल्ड शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. पार ४ चं, म्हणजे चार फटक्यांत अपेक्षित असलेलं होल, ६ फटक्यांत संपवलं तरी विजेता. पहिला फटका उजवीकडे भरकटला. दुसरा प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर, तिथून ओढ्याच्या दगडी काठावर आणि तिथून उंच गवतात. तिसरा ओढ्यात. त्यानं बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि पाण्यात उतरून बॉलकडे बघत उभा राहिला. शेवटी दंड घेऊन बॉल बाहेर टाकला, पाचवा बंकरमध्ये गेला. सहाव्यानं बाहेर काढून सातव्यात त्यानं तो घातला, आणि तो सातवा पट घालायला छाती लागते. प्लेऑफमध्ये जिंकला पॉल लॉरी, जो त्या दिवशी सकाळी दहा फटके मागे होता. व्हान द वेल्डला कुणीही हरवलं नव्हतं.

पूलमध्ये हरवतात. आणि हरवण्याचे दोन प्रकार आहेत. एक, तुम्हाला खेळूच न देणं. १९९६ मध्ये डॅलसला अर्ल स्ट्रिकलंडनं नाइन बॉलचे सलग ११ डाव ब्रेकपासून, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्यापासून, शेवटपर्यंत एकट्यानं संपवले. समोरचा खुर्चीत. हात गार पडतात, खांदे आखडतात, आणि चुकून पाळी आली तर पहिल्याच फटक्याला ०.०९ अंश. दुसरा प्रकार सेफ्टीचा: पॉट करायचं सोडून पांढरा बॉल अशा आडोशाला नेऊन ठेवायचा की समोरच्याला नियमानं मारायचा बॉल दिसूच नये. रेनोमध्ये १९९५ साली याच स्ट्रिकलंडनं फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसला निर्णायक डावात असं कोंडलं. रेयेसनं टेबलाभोवती एक नजर फिरवली आणि पांढरा बॉल दोन कुशनवरून इंग्रजी झेड अक्षरासारखा नेत ५ नंबरच्या बॉलवर नेऊन घातला. नुसता लागला नाही, पॉट झाला. उरलेले बॉल साफ करून त्यानं सामना खिशात घातला. अवघडपणा माणसानं रचला आणि माणसानं सोडवला, हे गोल्फच्या मैदानावर कधी घडू शकत नाही.

वर्चस्वाचं चित्रही वेगळं आहे. टेबलावरच्या बिलियर्ड्स-स्नूकरचा पंकज अडवाणी १९८५ मध्ये आणि गोल्फचा अनिर्बन लाहिरी १९८७ मध्ये पुण्यात जन्मले. भारताला खेळातलं पहिलं वैयक्तिक जगज्जेतेपद १९५८ मध्ये मिळवून देणारे विल्सन जोन्सही पुण्याचेच, तेही बिलियर्ड्समध्ये. अडवाणीनं बिलियर्ड्स आणि स्नूकरमध्ये दोन डझनांहून अधिक जागतिक विजेतेपदं मिळवली. लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दीडशेहून अधिक खेळाडूंत संयुक्त पाचवा आला आणि ती भारतीय गोल्फमधली ऐतिहासिक कामगिरी ठरली. यात गुणवत्तेची तुलना करू नये. टेबल बंदिस्त असतं, तिथे श्रेष्ठ खेळाडू श्रेष्ठत्व वसूल करू शकतो. गवतावर जॅक निकलॉसनं १६० हून अधिक मेजर स्पर्धा खेळून १८ जिंकल्या आणि इतिहासात त्याहून जास्त कुणाच्या नाहीत. तिथे सर्वश्रेष्ठ माणूसही बहुतेक वेळा हरतो.

निर्दोष खेळाचंही तसंच. पूलमध्ये निर्दोष डाव रोज कुठे ना कुठे होतो. गोल्फमध्ये १८ होलची निर्दोष फेरी अजून कुणी खेळलेलीच नाही, पीजीए टूरवरचा सर्वात कमी आकडा आहे ५८, जिम फ्युरिकचा, २०१६ मधला. प्रत्येक होलवर एक फटका वाचवला तर पार ७२ च्या मैदानावर ५४ होतात, आणि तिथवर टूरवर कुणी पोहोचलेलं नाही.

म्हणून माझं मत मी दोन भागांत देईन. खेळ म्हणून गोल्फ जास्त अवघड आहे, त्याला तळच लागत नाही. स्पर्धा म्हणून पूल जास्त कठोर आहे. आज अनेक नाइन बॉल स्पर्धांत ब्रेक आलटून पालटून देतात, आधीचा डाव कुणीही जिंकलेला असो. समोरच्याला निदान टेबलापर्यंत पोहोचता यावं म्हणून ही सोय. गोल्फच्या नियमपुस्तकात अशा सोयीची गरज कधी पडली नाही.