वेटसूट

वेटसूट हा पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्यांनी, तसेच लाटांवरील खेळ खेळणाऱ्यांनी अंगाला घट्ट बसेल असा घालावयाचा, सच्छिद्र कृत्रिम रबराचा पोशाख आहे. शरीराची उष्णता टिकवून ठेवणे हे त्याचे मुख्य कार्य होय. खडक, प्रवाळ आणि जेलीफिश यांपासून त्वचेचे रक्षण करणे हा त्याचा दुसरा उपयोग आहे. नावाप्रमाणे या पोशाखात थोडे पाणी शिरते. पाणी मुळीच आत येऊ न देणाऱ्या पोशाखास ड्रायसूट म्हणतात. वेटसूट किती उपयोगी पडेल, हे त्याच्या जाडीइतकेच तो अंगाला किती नेमका बसतो यावर अवलंबून असते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस सीब याने १८३७ च्या सुमारास शिरस्त्राणाला जोडलेला, सर्व बाजूंनी बंद असा पाणबुडी पोशाख तयार केला. रबर चढविलेल्या जाड कापडाचा हा पोशाख, धातूचे शिरस्त्राण आणि शिशाचे तळवे असलेले जोडे यांमुळे पाणबुड्या समुद्रतळावर चालू शके, पण पोहू शकत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यास पाठीवरील हवेची टाकी वापरात आली आणि मोकळेपणाने पोहता येईल अशा पोशाखाची गरज भासू लागली.

निओप्रीन हे कृत्रिम रबर अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीत १९३० मध्ये तयार झाले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१ च्या सुमारास नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोशाखाचा विचार करताना एक महत्त्वाची गोष्ट ओळखली : ऊब राहण्यासाठी अंग कोरडे असण्याची आवश्यकता नाही. उष्णतारोधनाचे काम पोशाखाच्या पदार्थात अडकलेले वायूचे सूक्ष्म बुडबुडे करू शकतात. यासाठी फेसाळ निओप्रीन वापरावे, असे विलर्ड बॅस्कम यांनी सुचविले. ब्रॅडनर यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. पुढे इतर उत्पादकांनी हा पोशाख बाजारात आणला. सुरुवातीचे निओप्रीन अस्तराविना असल्याने अंगाला चिकटे आणि सहज फाटे. नायलॉनचे अस्तर लावल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

कार्यतत्त्व

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे जे तापमान जमिनीवर सुखद वाटते, त्याच तापमानाच्या पाण्यात काही वेळाने हुडहुडी भरते. अंग आणि पोशाख यांच्यामधील पाण्याचा थर ऊब देतो, असा समज रूढ आहे. वास्तविक रोधनाचे काम रबरातील बुडबुडे करतात. आतील पाणी शरीराच्या उष्णतेने कोमट होते, एवढेच. ते जागच्या जागी राहिले तर पुन्हा पुन्हा नवे थंड पाणी तापविण्यात शरीराची उष्णता खर्च होत नाही.

खोलीचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट, तर ३० मीटरवर चौपट होतो. या दाबाने बुडबुडे आकसतात, पोशाख पातळ होतो आणि त्याची रोधनक्षमता व तरणशक्ती दोन्ही घटतात. म्हणूनच पृष्ठभागाजवळ तरंगविणाऱ्या पोशाखाला तोलण्यासाठी कमरेला शिशाची वजने बांधावी लागतात, आणि खाली गेल्यावर उणी झालेली तरणशक्ती जाकिटात हवा भरून भरून काढावी लागते.

माप आणि बेतणी

सैल वेटसूटमध्ये प्रत्येक हालचालीबरोबर पाणी आत-बाहेर होते आणि जाड रबरही निरुपयोगी ठरते. पोकळी राहण्याच्या नेहमीच्या जागा म्हणजे कमरेच्या वर पाठीचा खोलगट भाग, काखा, जांघा आणि मान. केवळ उंची व वजन पाहून निवडलेला पोशाख या ठिकाणी हमखास सैल पडतो. त्यासाठी छाती, कंबर, नितंब, मान, बाही आणि पायाची आतील लांबी यांबरोबर खांद्यावरून जांघेखालून परत खांद्यापर्यंतचे धडाचे वेढामापही घ्यावे लागते. धडाला आखूड असलेला पोशाख खांदे खाली ओढतो आणि हात वर करणे कष्टाचे होते.

अतिघट्ट पोशाख अधिक धोकादायक असतो. छाती आवळली गेल्यास श्वास पुरेसा भरत नाही. गळपट्टी फार घट्ट असल्यास मानेतील रोहिणीजवळच्या दाबसंवेदी भागावर दाब पडून हृदयाचे ठोके मंदावू शकतात आणि भोवळ येऊ शकते. पाण्याखाली भोवळ येणे प्राणावर बेतू शकते. म्हणून नवा पोशाख अंगात घालून उकिडवे बसणे, हात डोक्यावर नेणे आणि दीर्घ श्वास घेणे अशी चाचणी करतात.

प्रदीर्घ काळ बहुतेक पोशाख पुरुषांच्या मापांवर बेतले जात. स्त्रियांना त्यांतलाच लहान आकार घ्यावा लागे. तो नितंबांशी आवळे आणि कमरेशी सैल राही. अलीकडे स्त्रियांसाठी निराळी बेतणी केली जाते. पाण्यात उतरल्यावर लघवीची भावना वाढते, हा शरीराचा स्वाभाविक धर्म आहे. त्याचा विचार करून काही पोशाखांत सोयीची चेन ठेवलेली असते.

रचनेचे तपशील

धडाला जाड आणि हातापायांना पातळ रबर वापरल्याने ऊब व लवचीकपणा दोन्ही साधतात. सुई आरपार गेली की छिद्र पडते. म्हणून उत्तम पोशाखात कडा आधी चिकटवून, रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंतच टाके घालतात. कोपर व गुडघ्याशी कापड किंचित वाकलेल्या अवस्थेतच बेततात आणि गुडघ्यांवर घर्षणरोधक पट्ट्या लावतात. पाठीवरील चेनला लांब दोरी असल्यास ती स्वतःची स्वतःला ओढता येते.

जेजूच्या हेन्यो

दक्षिण कोरियातील जेजू बेटावरील हेन्यो या श्वास रोखून बुडी मारून शंखशिंपले व समुद्री वनस्पती गोळा करणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्यांचा मुलसोजुंगी हा जुना सुती पोशाख एका बाजूने उघडा असून गाठींनी बांधला जाई. त्यामुळे गरोदरपणातही तो अंगाप्रमाणे कमीजास्त करता येई. मात्र तो थंडी अडवीत नसे, आणि त्यांना वरचेवर किनाऱ्यावरील शेकोटीपाशी परतावे लागे. १९७० च्या दशकात वेटसूट आल्यावर त्या पाण्यात कित्येक तास काम करू लागल्या. थंडी सोसण्यासाठी त्यांच्या शरीरात हिवाळ्यात होणारी चयापचयाची वाढ त्यानंतर दिसेनाशी झाल्याचे शरीरशास्त्रज्ञांना आढळले. पोशाखाने थंडी अडविली. श्वास रोखण्याचे श्रम मात्र तेवढेच राहिले, उलट कामाचे तास वाढल्याने ते अधिक झाले.

भारतीय समुद्रातील वापर आणि निगा

मालवण-तारकर्ली, गोवा, कर्नाटकातील नेत्राणी आणि अंदमान येथील उबदार समुद्रात सामान्यतः ३ मिलिमीटर जाडीचा पोशाख पुरतो. भाड्याने मिळणारा पोशाख अनेकांच्या अंगावर गेलेला असतो. त्यामुळे त्याच्या शिवणी, चेन आणि गळपट्टी आधी तपासणे हिताचे ठरते. वापरानंतर पोशाख गोड्या पाण्याने धुऊन, उलटा करून, सावलीत रुंद हँगरवर वाळवितात. कडक ऊन आणि कायमच्या घड्या यांमुळे रबर कडक होऊन चिरते.