टेबलावरचा पसारा आणि सहा गठ्ठे

पसाऱ्याचं समर्थन करायचं झालं की आइनस्टाइन यांचं टेबल हमखास पुढे केलं जातं. ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार राल्फ मोर्स यांनी टिपलेलं ते प्रसिद्ध छायाचित्र 18 एप्रिल 1955चं, म्हणजे आइनस्टाइन यांच्या निधनाच्याच दिवसाचं आहे. प्रिन्स्टनच्या त्या खोलीत दिसतात ते हातातलं काम अर्धवट राहिल्याचे कागद. त्यावरून पसारा हे प्रतिभेचं लक्षण ठरत नाही. रिकाम्या टेबलाची खिल्ली उडवणारं जे वाक्य त्यांच्या नावावर फिरतं, त्यालाही पुरावा नाही.

‘पसाऱ्यात डोकं जास्त चालतं’

हा समज पसरला 2013 सालच्या एका प्रयोगामुळे. मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथलीन व्होज आणि सहकाऱ्यांनी काहींना नीटनेटक्या, तर काहींना विस्कटलेल्या खोलीत बसवून पिंगपाँगच्या चेंडूचे नवे उपयोग विचारले. दोन्हीकडे सुचलेल्या कल्पनांची संख्या साधारण सारखीच होती. पसाऱ्यात बसलेल्यांच्या कल्पना मात्र अधिक अभिनव ठरल्या. बातम्यांनी तेवढंच उचललं. नीटनेटक्या खोलीतल्यांनी देणगी जास्त दिली आणि चॉकलेटपेक्षा सफरचंदाला पसंती दिली, हे त्याच शोधनिबंधात असूनही मागे पडलं. शिवाय ही माणसं परक्या खोलीत थोडाच वेळ बसली होती. समोर आपलीच थकलेली बिलं आणि उत्तर न दिलेली पत्रं पडलेली असतात तेव्हा काय होतं, हे त्या प्रयोगातून कळत नाही.

‘मग टेबल पार मोकळंच हवं’

तसंही नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम यांच्या 2010च्या अभ्यासात ओक्याबोक्या जागेपेक्षा झाडं आणि चित्रं असलेल्या जागेत काम सुमारे 17 टक्के जास्त वेगाने झालं. ज्यांना जागा आपल्या मनाप्रमाणे लावू दिली, त्यांचा वेग तर 32 टक्क्यांनी वाढला. आणि ती मांडणी त्यांच्यादेखत दुसऱ्याने बदलली, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. मुलाच्या गैरहजेरीत त्याचं अभ्यासाचं टेबल लख्ख आवरून ठेवणाऱ्या आईवडिलांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ऑफिसात सगळ्यांची टेबलं एकसारखी दिसावीत असा हुकूम काढणाऱ्या साहेबांनीही.

‘आवरणं म्हणजे सगळं फाइलला लावणं’

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या समजाने होतं. संशोधक स्टीव्ह व्हिटेकर आणि जुलिया हिर्शबर्ग यांनी ऑफिस दुसरीकडे हलवणाऱ्या लोकांच्या कागदांचा अभ्यास केला. तो 2001 साली प्रसिद्ध झाला. आलेला कागद लगेच फाइलला लावणाऱ्यांकडे जास्त कागद साठलेला निघाला, आणि त्यातला बराचसा पुढे कधी उघडलाच गेला नव्हता. गठ्ठे करून ठेवणाऱ्यांकडचा साठा लहान होता आणि वापरात जास्त होता. कागदाचं महत्त्व कळायच्या आत तो फाइलला लागला की तिथेच मुक्काम ठोकतो. संशोधक थॉमस मलोन यांनी तर 1983मध्येच दाखवलं होतं की टेबलावरचा कागद दोन कामं करतो: हवा तेव्हा सापडतो आणि नजरेसमोर राहून आठवण देतो. फाइल पहिलं काम करते, दुसरं नाही.

यावरचा सर्वांत व्यवहारी तोडगा मला दिसतो तो आपल्याच सरकारी दप्तरात. महाराष्ट्रात कार्यालयीन सुधारणांचा विषय निघाला की अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) तेव्हाचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांचं नाव निघतंच. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कार्यालयीन कामकाजाचा ‘लखीना पॅटर्न’ जुन्या कर्मचाऱ्यांना अजून पाठ आहे. मी म्हणतो तो तोडगा म्हणजे सरकारी कारकुनाच्या टेबलासाठीची ‘सहा गठ्ठे पद्धत’. कार्यवाहीची प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद, असे ते सहा गठ्ठे. ही वाटणी विषयवार नाही. या कागदाचं पुढे काय व्हायचंय, एवढंच ती विचारते. अभिलेख कक्षातही तेच: ‘अ’ वर्गाचे कागद कायम जपायचे, ‘ब’ वर्गाचे 30 वर्षं.

सहा गठ्ठ्यांतला दुसरा, म्हणजे प्रतीक्षाधीन गठ्ठा घरी फार उपयोगी पडतो. विम्याचा दावा पाठवून झालाय, कंपनीचं उत्तर यायचंय; सोसायटीला गळतीबद्दल पत्र दिलंय, प्लंबर यायचाय. असे कागद कामाच्या कागदांत मिसळले की रोज हाताला लागतात आणि रोज ‘आज यात काही करायचं नाही’ म्हणून बाजूला सरतात. टेबल भरलेलं वाटतं ते बरंचसं यांच्यामुळे. ते वेगळ्या पाकिटात घालून वर विचारणा करायची तारीख लिहिली की समोर उरतो तो आजचा गठ्ठा. तो बहुतेकदा वाटतो त्यापेक्षा पातळ निघतो. वीजबिल, शाळेची फी, घरपट्टी हे नियतकालिकांत. वॉरंटी कार्डं आणि करारनामे स्थायीत.

‘सगळं स्कॅन केलं की प्रश्न मिटला’

जागा मोकळी होते, पण कागदाचं पुढे काय करायचं हा निर्णय तसाच राहतो. ईमेलमध्ये फोल्डरांची उतरंड रचणाऱ्यांनाही त्याचा फारसा फायदा होत नाही. व्हिटेकर आणि आयबीएममधल्या सहकाऱ्यांच्या 2011च्या अभ्यासात नुसता शोध घेणाऱ्यांना जुनी पत्रं लवकर सापडली. म्हणून स्कॅन करताना फाइलच्या नावात तारीख आणि विषय घाला, शोधायला तेवढं पुरतं. मूळ कागद ‘ड’ गठ्ठ्यात टाकण्याआधी मात्र त्यावर सही-शिक्का आहे का ते बघा. असेल तर तो स्थायीत जाऊ द्या. बाकीच्यांवर पेन्सिलीने फाडायची तारीख टाकून महिन्याच्या शेवटच्या रविवारी गठ्ठा उपसा.